कानस, पावतीपुस्तक आणि पहिली इंटर्नशिप: कॉम्प्युटर इंजिनिअरिंगमध्ये नक्की काय असतं

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलेल्या मुलांच्या हातात पहिल्या वर्षी कीबोर्डच्या आधी बऱ्याचदा कानस येते. वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि काटकोन जुळेपर्यंत घासत बसायचं. सोबतीला ड्रॉइंगच्या शीट, केमिस्ट्री, मेकॅनिक्स आणि गणित. "अगं, पण तुला कॉम्प्युटर कधी शिकवणार?" असं आई विचारते आणि मुलीकडे उत्तर नसतं.

उत्तर साधं आहे. आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच असतं. प्रोग्रॅमिंगचा एखादा विषय असतो, बाकी सगळं मेकॅनिकलवाल्यांसोबतच. त्यामुळे पहिल्या वर्षी "आपण चुकीच्या ठिकाणी आलो की काय" असं वाटलं तर मनावर घेऊ नका. दुसऱ्या वर्षाच्या शेवटीही तसंच वाटत असेल, तर मात्र थांबून विचार करा.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि आमच्याकडे येणाऱ्या इंटर्नच्या मुलाखती घेते. कॅप राउंडच्या, म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेशाच्या फेऱ्यांच्या, दिवसांत नात्यातल्या नाहीतर सोसायटीतल्या कोणाचा तरी फोन येतोच, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कोणती लँग्वेज शिकू? पायथन की जावा?" हा प्रश्न म्हणजे स्वयंपाक शिकायचाय तर कढई कोणत्या कंपनीची घेऊ, असं विचारण्यासारखं आहे. कढई लागतेच, पण स्वयंपाक वेगळी गोष्ट. कॉम्प्युटर सायन्स म्हणजे काय, हे सांगायला मी नेहमी गणेश मंडळाचं पावतीपुस्तक काढते.

समजा मंडळाच्या वर्गणीसाठी तुम्ही एक ॲप करताय. पाच कार्यकर्ते, प्रत्येकाच्या हातात फोन, घरोघरी फिरून पावत्या करायच्या. दोन दिवसांत स्क्रीन तयार होते, नाव आणि रक्कम टाकली की पावती निघते. हे काम यूट्यूब बघून कोणालाही जमेल. खरी गंमत त्यानंतर सुरू होते.

एकूण जमा ४०,००० रुपये दिसतेय. दोन कार्यकर्ते एकाच क्षणी पावती करतात. दोघांच्याही फोनने ४०,००० हा आकडा वाचला. एकाने त्यात ५०० मिळवून ४०,५०० लिहिले, दुसऱ्याने १,००० मिळवून ४१,००० लिहिले. दुसऱ्याचं लिखाण नंतर पोचलं, म्हणून शेवटी आकडा राहिला ४१,०००. पाचशे रुपये गायब, आणि चोरी कोणीच केलेली नाही. ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस या दोन विषयांचा मोठा भाग या एका भांडणाभोवती फिरतो. एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबवायचं, म्हणजे कुलूप लावायचं. आणि कुलपं दोन झाली की नवीन संकट: पहिला दुसऱ्याच्या कुलपाची वाट बघतोय, दुसरा पहिल्याच्या. अरुंद घाटात दोन गाड्या समोरासमोर याव्यात आणि दोघांनीही "आधी तू मागे घे" म्हणावं, तसं. यालाच डेडलॉक म्हणतात. परीक्षेत तो कधी होतो याच्या चार अटी लिहायला सांगतात. घाट डोळ्यांसमोर असेल तर त्या पाठ कराव्या लागत नाहीत.

पुढे, एक कार्यकर्ता इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उभा आहे. पावती केली, रेंज गेली. सर्व्हरला, म्हणजे सगळ्या पावत्या जमा होतात त्या मुख्य संगणकाला, ती पोचली की नाही, फोनला कळत नाही. फोन पुन्हा पाठवतो. आता पावत्या दोन झाल्या का? झाल्या, जर तुम्ही विचार केला नसेल तर. विचार केला असेल तर प्रत्येक पावतीला फोनवर तयार होतानाच स्वतःचा वेगळा क्रमांक दिलेला असतो, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सर्व्हर म्हणतो, "मिळाली आहे, गप्प बस." कॉम्प्युटर नेटवर्क्समध्ये पॅकेट, म्हणजे पाठवलेल्या माहितीचा तुकडा, हरवणं, पुन्हा पाठवणं, दोनदा पोचणं हे जे शिकवतात, ते तळघरातल्या या माणसासाठी असतं.

चुकीची पावती झाली तर ती पुसून टाकायची का? मंडळाचा जुना खजिनदार हे कॉम्प्युटर न शिकताही सांगेल: रद्द पावती फाडायची नाही, आडवी रेघ मारून स्थळप्रतीसकट पुस्तकात ठेवायची. हिशेबाची पक्की सॉफ्टवेअर नेमकं हेच करतात. जुनी नोंद पुसत नाहीत, तिला रद्द करणारी नवी नोंद घालतात.

आणि आकडेमोड. समजा मंडळ सोडा, अख्ख्या राज्याच्या १० लाख पावत्या तुमच्याकडे आल्या आणि त्यातल्या दुबार शोधायच्या आहेत. प्रत्येक पावती उरलेल्या प्रत्येक पावतीशी ताडून बघायची, तर साधारण ५०,००० कोटी तुलना होतात. संगणक सेकंदाला १० कोटी तुलना करतो असं धरलं, तरी जवळपास दीड तास. त्याऐवजी आधी सगळ्या पावत्या क्रमाने लावल्या, तर दुबार पावत्या आपोआप शेजारी शेजारी येतात. क्रम लावायला अंदाजे २ कोटी तुलना पुरतात. एका सेकंदाच्या आत काम संपलं. लँग्वेज तीच, मशीन तेच, फक्त विचार बदलला. डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम या विषयाचा एवढा बोलबाला का आहे, ते इथे दिसतं.

"सिलॅबस फार जुना आहे" ही तक्रार प्रत्येक पिढी करते. अर्धी खरी आहे. काही प्रॅक्टिकल्स खरोखरच वाळवी लागलेली असतात. पण उरलेलं जुनं आहे कारण ते टिकलं आहे. माहिती तक्त्यांमध्ये मांडून तिच्यावर प्रश्न विचारायची पद्धत एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली, आणि बँकांपासून रेल्वे आरक्षणापर्यंत आजही तिच्यावर काम चालतं. दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधायची डाइकस्ट्रा यांची रीत १९५९ मध्ये छापून आली, आणि ती समजल्याशिवाय नकाशाचं ॲप रस्ता कसा काढतं हे कळत नाही. दर दोन वर्षांनी बदलतात त्या कढया.

मुलं सर्वांत जास्त शिव्या घालतात तो विषय म्हणजे थिअरी ऑफ कम्प्युटेशन, टीओसी. मीही घातल्या. गोल काढायचे, बाण काढायचे, आणि याचा उपयोग काय ते कोणी सांगत नाही. त्यात १९३६ मध्ये ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाने सिद्ध केलेली एक गोष्ट येते: दिलेला कुठलाही प्रोग्रॅम कधीतरी थांबेल की अनंतकाळ फिरत राहील, हे दर वेळी अचूक सांगणारा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. अवघड नाही, अशक्य. संगणक बाजारात यायच्याही आधी एका माणसाने त्याची मर्यादा कागदावर आखून दिली. नोकरीत हे रोज लागत नाही. पण एखादा साहेब "सगळ्या चुका आपोआप पकडणारं टूल करा" म्हणाला, तर कुठे थांबायचं ते कळतं.

अभ्यासाबद्दल थोडं अप्रिय बोलते. आपल्याकडे परीक्षा आणि समज हे दोन वेगळे धंदे झाले आहेत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाइड वाचून पास होता येतं. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाची जर्नल दहा जणांत फिरते, असाइनमेंटचा कोड मित्राकडून पेन ड्राइव्हवर येतो आणि ओरलला काय विचारतात ते आधीच्या बॅचने सांगितलेलं असतं. नैतिकतेचं प्रवचन मला द्यायचं नाही. हिशेब एवढाच आहे की लिंक्ड लिस्ट (एकमेकांना साखळीसारख्या जोडलेल्या नोंदींची यादी) दुसऱ्या वर्षी स्वतः लिहिली नाही, प्रोग्रॅम बंद पाडणारी सेगमेंटेशन फॉल्ट ही चूक बघून रात्री दोनला डोकं धरलं नाही, तर तीच लिंक्ड लिस्ट चौथ्या वर्षी मुलाखतीत समोर येते, आणि तेव्हा पेन ड्राइव्ह नसतो. मार्कांचं म्हणाल तर बऱ्याच कंपन्या कॅम्पसला ६० टक्के किंवा तेवढा सीजीपीए आणि चालू बॅकलॉग (राहिलेला विषय) नको, अशी अट घालतात. ती चाळणी ओलांडण्यापुरते मार्क हवेतच. त्यावरच्या प्रत्येक पॉइंटसाठी जीव काढण्यापेक्षा तो वेळ कोड लिहिण्यात घाला, हे माझं मत. परदेशात एमएस करायचं असेल तर ते लागू नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पहिले सहा महिने वर्गात सगळं डोक्यावरून जातं आणि मूल समजतं की आपल्यालाच जमत नाही. बहुतेकदा अडतं ते इंग्रजी वाक्य, कल्पना नव्हे. वर दिलेला पाचशे रुपयांचा घोळ ज्याला कळला, त्याला रेस कंडिशन कळली, कारण त्या घोळाचंच ते नाव. इंग्रजी नाव नंतर चिकटवता येतं. २०२१-२२ पासून पिंपरी-चिंचवडमधल्या एका कॉलेजात मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगही सुरू झालं आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी आवाजातले धडे फुकट मिळतात. आधी मराठीत समजून घ्या, मग तेच इंग्रजीत स्वतःशी मोठ्याने बोलून बघा. मुलाखतीत व्याकरण चुकलेलं चालतं, गप्प राहिलेलं चालत नाही.

आता इंटर्नशिप.

पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात इंटर्नशिप हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे, आणि इतर विद्यापीठांतही ती या ना त्या रूपात आली आहे. ती सक्तीची झाली आणि त्याच दिवशी तिचा एक बाजारही उभा राहिला. त्याबद्दल पुढे. आधी खऱ्या इंटर्नशिप कुठून मिळतात ते बघू.

नामांकित कॉलेजांत मोठ्या कंपन्या स्वतः येतात. तिसरं वर्ष सुरू होताच परीक्षा, मुलाखती उरकतात आणि पुढच्या उन्हाळ्यातले दोन महिने ठरून जातात. काम आवडलं तर त्याच कंपनीची कायम नोकरीची ऑफर, तिला मुलं पीपीओ म्हणतात. बाकीच्या कॉलेजांत हे इतकं सुरळीत नसतं. टीपीओ सर, म्हणजे कॉलेजचे प्लेसमेंट बघणारे सर, धडपडतात, चौथ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळते, नाहीतर स्वतः शोधावी लागते. गावाकडच्या कॉलेजातल्या मुलाने कॅम्पसची वाट बघत बसू नये, हे मी स्पष्टच सांगते.

स्वतः शोधायची म्हणजे दिवसाला शंभर ठिकाणी बायोडेटा टाकायचा, असं नाही. तसं करून बघितलेल्यांना विचारा, उत्तरच येत नाही. छोट्या कंपन्यांना थेट, नेमकं लिहिलेलं पत्र जास्त चालतं. "तुमचं ॲप वापरलं, मराठीत नाव टाकलं की जोडाक्षरं फुटतात, मी अमुक करून बघितलं" अशा तीन ओळी आल्या तर मी तरी उत्तर देते. कॉलेजचे दोन-तीन वर्षं पुढे गेलेले सीनियर हा दुसरा मार्ग. रेफरल, म्हणजे कंपनीत आपली शिफारस, मागायला लाजू नका, पण "दादा, जॉब बघा ना" असं न म्हणता त्या कंपनीतली नेमकी जागा आणि आपला बायोडेटा पाठवा.

मला सर्वांत आवडतो तो तिसरा मार्ग, कारण तिथे कॉलेजचं नाव आड येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाची उन्हाळी फेलोशिप असते. तिथे एक काम करायला देतात, ते करून दाखवलं की निवड होते. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. त्यात जगभरातल्या मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) करणाऱ्या संस्थांसाठी उन्हाळ्यात काम करायचं, मानधन मिळतं आणि ऑफिसला जावं लागत नाही. अर्ज साधारण मार्चच्या शेवटाकडे असतात, पण तेव्हा जागं होऊन उपयोग नसतो. ज्यांची निवड होते ती मुलं दिवाळीपासूनच त्या संस्थेच्या कोडमधल्या छोट्या चुका दुरुस्त करत असतात.

एक गैरसमज दूर करते. २०२४ मध्ये जाहीर झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना, महिना ५,००० रुपयांची, सुरुवातीच्या नियमांनुसार २१ ते २४ वयाच्या आणि पूर्णवेळ शिक्षण किंवा नोकरीत नसलेल्यांसाठी होती. तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलीच्या वडिलांनी तिच्यासाठी सायबर कॅफेत खेटे घालायचं कारण नाही.

आता तो बाजार. फॉर्म भरला की दहा मिनिटांत ऑफर लेटर येतं, मुलाखत नाही, काही नाही. मग टेलिग्राम ग्रुप. एका महिन्यात कॅल्क्युलेटर, एक वेबपेज आणि एखाद्या प्रसिद्ध साइटची नक्कल करा, लिंक्डइनवर आमचं नाव घेऊन पोस्ट टाका, आणि शेवटी सर्टिफिकेटसाठी अमुक रुपये भरा. कोणी तुमचा कोड उघडूनही बघत नाही. काही ठिकाणी पैसे आधीच घेतात आणि त्याला ट्रेनिंग फी म्हणतात. ओळखायची खूण एकच, आणि ती आजीलाही सांगता येईल: काम तुम्ही करायचं आणि पैसेही तुम्हीच द्यायचे, ही नोकरी नव्हे. कॉलेजला कागद हवा म्हणून हे करावं लागलं तर करा, पण बायोडेटावर पहिल्या क्रमांकाला लावू नका. मुलाखत घेणाऱ्यांना ही नावं पाठ झालेली असतात.

मुलाखतीत होतं काय? आधी ऑनलाइन टेस्ट, तासा-दीड तासाची. थोडं ॲप्टिट्यूड आणि दोन-तीन कोडिंगचे प्रश्न. त्यासाठी लीटकोडसारख्या साइटवर सराव लागतो, त्याला पर्याय नाही. पण सहाशे प्रश्न उत्तरं बघून सोडवण्यापेक्षा दीडशे स्वतः सोडवलेले बरे. मग टेक्निकल फेरी: प्रोजेक्ट, डेटाबेसमधले जॉइन आणि इंडेक्स, प्रोसेस आणि थ्रेडमधला फरक, ओओपी (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग). प्रोजेक्टमध्ये दहातले सहा जण हॉस्पिटल मॅनेजमेंट नाहीतर चेहरा ओळखून हजेरी घेणारं काहीतरी घेऊन येतात. मी एवढंच विचारते, "हे कोणी वापरलं?" पुढे शांतता. त्यापेक्षा मंडळाचं वर्गणीचं ॲप, गावातल्या दूध डेअरीचा हिशेब, आईच्या भिशीची यादी घेऊन या. पाच माणसांनी खरंच वापरलं असेल तर काय मोडलं हे तुम्हाला माहीत असतं, आणि मला तेच ऐकायचं असतं.

शेवटी मी एक कागद पुढे करते. चाळीस ओळींचा कोड, त्यांनी कधी न पाहिलेला. "हा काय करतो आणि कुठे फसेल?" कॉलेज आणि नोकरी यांच्यातली दरी इथे उघडी पडते. चार वर्षं प्रत्येक असाइनमेंट कोऱ्या पानावर सुरू झालेली असते. नोकरीत कोरं पान जवळजवळ नसतंच. दुसऱ्याने लिहिलेले लाखो ओळींचे कोड असतात, लिहिणारा कधीच सोडून गेलेला असतो, आणि तुम्हाला त्यातल्या तीन ओळी बदलायच्या असतात, बाकी काही न मोडता. बरेच जण कागद बाजूला सारून म्हणतात, "मॅडम, मी नवीन लिहून दाखवू का?" एकदा पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली एक मुलगी होती. दहा मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ही ओळ मला कळली नाही. पण यादी रिकामी आली तर प्रोग्रॅम इथे बंद पडेल." बरोबर होतं. तिला आम्ही घेतलं.

याची तयारी फुकटात होते. मित्राची असाइनमेंट कॉपी करण्याऐवजी तिच्यातली चूक शोधा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचा एखादा छोटा प्रोजेक्ट उतरवून घ्या, चालू करा, आणि एक शब्द बदलून बघा काय मोडतं. गिटहब ज्यावर चालतं ते गिट, कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं हत्यार, लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडवर एकाच वेळी असंख्य लोकांना काम करता यावं म्हणून लिहिलं, म्हणजे ते हत्यारच दुसऱ्यांच्या कोडमध्ये हात घालायचं आहे. रोज एक स्वल्पविराम बदलून, आपण रोज काम करतो हे दाखवणारे गिटहब प्रोफाइलचे चौकोन हिरवे करण्यासाठी नाही.

"पण आता एआय सगळं लिहितं ना, मग शिकायचं कशाला?" हा अलीकडचा फोन. लिहितं, खरं आहे. फॉर्म, लूप, साधी वेबसाइट, सगळं मिनिटात. आमच्याकडेही वापरतात. पण एआयने लिहिलेला कोड हाही दुसऱ्याचाच कोड. तो आत्मविश्वासाने पाचशे रुपये गायब करू शकतो, आणि ते तुम्हाला दिसलं पाहिजे. नवख्यांसाठी यातून स्पर्धा कडक झाली आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. निव्वळ सांगकाम्या कोड लिहिणाऱ्याची गरज कमी होतेय. दुसऱ्या वर्षी एआयकडून असाइनमेंट करून घेणाऱ्यांना तर मी पेन ड्राइव्हवाल्यांच्याच रांगेत धरते.

आणि निवड झाली, तर पहिले दिवस कसे जातात? पहिला दिवस लॅपटॉप आणि पासवर्ड मिळण्यात. पुढचे दोन दिवस कोड स्वतःच्या मशीनवर चालू करण्यात, कारण कुठली तरी आवृत्ती जुळत नाही. या काळात मुलांना वाटतं, आपल्याला काहीच येत नाही हे आता सगळ्यांना कळणार. सगळ्यांना ते आधीच माहीत असतं. फक्त एकाच गोष्टीने वरिष्ठ वैतागतात: सकाळी अडलेला मुलगा संध्याकाळपर्यंत कोणालाच न विचारता बसून राहिला तर. तासभर स्वतः झगडा, मग काय काय करून बघितलं ते सांगून विचारा.

माझ्या पहिल्या इंटर्नशिपमध्ये पहिलं काम होतं तारखेचा क्रम बदलायचं. महिना आधी दिसत होता, दिवस आधी हवा होता. एक ओळ. मी ती बदलली आणि तपासायला पाठवली. चौदा शेरे लागून परत आली. त्यातला एक होता, "हीच तारीख आणखी सात ठिकाणी छापली जाते, ती बघितलीस का?" बघितली नव्हती. सहा सापडली. सातवी शोधण्यात शुक्रवार गेला.